पंचाचा कान

मगदूम सरांचे डोळे साठीत अधू झाले, गुडघ्यांनी पासष्टीत संप पुकारला, पण कान एकाहत्तराव्या वर्षीही जागच्या जागी होते. या कानांचा त्यांना अंमळ गर्वच होता. इचलकरंजीतल्या एका शाळेत त्यांनी तीस वर्षं पी. टी. शिकवली, पण ती झाली नोकरी. त्यांचा खरा हुद्दा कबड्डीच्या पंचाचा. चढाईला गेलेला गडी समोरच्या बाजूतून परत येईपर्यंत एकाच श्वासात ‘कबड्डी, कबड्डी’ म्हणत राहिला पाहिजे, मध्ये श्वास घेतला की बाद. आता दोन हजार माणसं आरडाओरडा करत असताना, इकडेतिकडे नाचणाऱ्या एका गड्याचा श्वास तुटला की नाही हे ओळखायचं म्हणजे खायचं काम नव्हे. सरांना ते जमे. त्यांची शिट्टी वाजली की गडी वाद न घालता बाहेर जाई, कारण चोरी कुठं झाली ते त्यालाही ठाऊक असे.

त्या शिट्टीला आता पंधरा वर्षं काम नव्हतं. तरी काळ्या दोरीत ओवलेली ती सरांच्या गळ्यात असेच. बनियनच्या आत, जानव्यासारखी.

रोज सकाळी सात वाजता सर सिद्राम म्हेत्रेच्या घरी चहाला जात. सिदा त्यांच्याहून तीन वर्षांनी लहान. ऐन जवानीत तो पंचक्रोशीतला सगळ्यात लांब दमाचा चढाईपटू होता. नंतर त्याची चाळीस वर्षं यंत्रमागाच्या कारखान्यांत गेली, बिघडलेले माग दुरुस्त करणारा जॉबर म्हणून. मागाच्या खोलीत हवेत सुताचे बारीक तंतू तरंगत असतात. ते केसांवर बसतात, भुवयांवर बसतात, आणि जे दिसत नाहीत ते छातीत जाऊन बसतात. सिदानं जन्मात विडीला हात लावला नव्हता, पण दोन जिने चढला की तो कठड्याला धरून उभा राही आणि कुणी बघत असेल तर चप्पल नीट करण्याचं निमित्त करी. बायको जाऊन सहा वर्षं झाली होती. एकुलती एक लेक सुवर्णा पुण्यात. घरात सिदा एकटा, आणि संध्याकाळी मैदानावर त्याच्या बारा पोरी.

या पोरी म्हणजे यंत्रमाग कामगारांच्या मुली. सिदानं सहा वर्षं घाम गाळून त्यांचा संघ उभा केला होता. यंदा हा संघ पहिल्यांदाच राज्य स्पर्धेला निघाला होता, आणि सिदाचा पाय जमिनीवर ठरत नव्हता.

नेमकी त्याच महिन्यात सुवर्णाकडून श्वास मोजणारी डबी आली.

डबीचं शास्त्र सरांना डॉ. नसीमा जमादारांनी समजावून सांगितलं होतं. त्या महापालिकेच्या दवाखान्यात होत्या आणि सरांच्या शाळेतल्या जुन्या विद्यार्थिनीही. "सर, फुप्फुसं आणि मेंदू यांचा काय संबंध, असं आपल्याला वाटतं," त्या म्हणाल्या होत्या. "पण ज्यांची फुप्फुसं कमकुवत त्यांना पक्षाघाताचा झटका येण्याचा धोका जास्त, हे खूप वर्षांपूर्वीच लक्षात आलं होतं. सिगारेट न ओढणाऱ्यांनासुद्धा. छातीत वर्षानुवर्षं सूज राहिली की ती तिथंच थांबत नाही, रक्तात उतरते. रक्तवाहिन्या कडक होतात. प्राणवायू कमी पडला की हृदयावर ताण येतो, त्याचे ठोके बिघडतात, रक्त आत साकळतं आणि गाठ धरते. ती गाठ निसटून मेंदूत गेली की झालं."

हे सगळं जुनंच. नवं होतं ते डबीत. आधी फुप्फुसांची ताकद मोजायला नळीत जोरात फुंकावं लागे, तेही दवाखान्यात जाऊन, वर्षा-दोन वर्षांतून एकदा. डबीपुढं फक्त मोजायचं. छातीभर श्वास घ्यायचा आणि एका श्वासात जमतील तेवढे आकडे मोठ्यानं म्हणायचे. आवाजाचा जोर कसा उतरतो, कुठल्या आकड्यापाशी कंप सुटतो, यावरून ती फुप्फुसांचा अंदाज घेई. मोजणी संपल्यावरही ती काही सेकंद कान देऊन बसे, कारण दमलेला माणूस नंतर कसा धापा टाकतो हेही तिला हवं असे. आणि रोजची नोंद ठेवता ठेवता ती एक गोष्ट शिकली होती. झटका येण्याआधी दोन-तीन आठवडे माणसाच्या मोजणीत एक ठरावीक उतार दिसतो. तो दिसला की डबीवरचा दिवा लाल होई.

लाल झालेल्या माणसाला दवाखान्यात नेऊन एक इंजेक्शन देत. त्यानं महिनाभर रक्ताच्या गाठी धरत नसत. पण त्या इंजेक्शननं रक्तस्राव होण्याची भीती असे, म्हणून ज्याला गरज नाही त्याला ते देत नसत. हिरव्याला तर मुळीच नाही. शिवाय लाल माणसानं दगदग करायची नाही, धावपळ करायची नाही, मोठ्या रुग्णालयापासून लांब जायचं नाही. आणि दोन वर्षांपूर्वी एका स्पर्धेत एक प्रशिक्षक मैदानावरच कोसळल्यापासून कबड्डी संघटनेनंही नियम केला होता. साठीपुढच्या प्रशिक्षकाला स्पर्धेआधी सलग एकवीस दिवस हिरवा दिवा दाखवावा लागे.

सुवर्णानं डबी भिंतीवर लावून दिली आणि सरांना बाजूला घेऊन म्हणाली, "सर, अण्णांचा काही भरवसा नाही. डबीवर टॉवेल टाकून बसतील. तुम्ही रोज सकाळी येता ना, तेवढं समोर बसून मोजून घ्या. तुम्ही पंच. तुमच्याइतका विश्वास मी दुसऱ्या कुणावर ठेवणार?"

"मी आहे," सर म्हणाले. एवढंच म्हणाले, पण घरी जाताना ते जरा ताठ चालले.

पहिले चार दिवस सिदानं इमानदारीत मोजलं. डबीच्या मते त्याच्या वयाच्या माणसानं निदान तीस गाठायला हवे होते. सिदा चौदापाशी संपायचा. पंधरा म्हणताना शब्द पोकळ निघायचा आणि मग धाप. दिवा चारही दिवस पिवळा.

"ही काय बया," सिदा डबीकडं बघत म्हणाला. "एकदा आम्ही एका दमात सात गडी शिवून परत आलोय. हिला सांग की, पंच."

"तिला सांगून उपयोग नाही. नसीमाकडं जाऊन येऊ."

"जाऊ की. स्पर्धा झाल्यावर."

पाचव्या दिवशी सकाळी सिदा अंघोळ करून, तेल लावून, मैदानावर निघाल्यासारखा डबीसमोर उभा राहिला. पाय किंचित फाकवून, हात मांड्यांवर. श्वास भरला. एक, दोन, तीन. दहा, अकरा, बारा. तेरा. चौदा.

सरांच्या कपातला चहा बशीत सांडला.

चौदा हा आकडा बाहेर आला नव्हता. तो आत गेला होता. सिदानं शब्द बोलता बोलता श्वास आत ओढला होता. ओठ हलले, आवाज आला, खंड पडला नाही, पण हवा उलट्या बाजूनं गेली. जुने खेळाडू याला आतला दम म्हणत. अख्ख्या जिल्ह्यात तो दोघा-तिघांनाच साधला होता आणि त्यांत सिदाचा हात धरणारं कुणी नव्हतं. पंधरा, सोळा, सतरा पुन्हा खणखणीत निघाले. पंचवीस पुन्हा आत गेला. एकतीसला तो थांबला आणि धाप लागू नये म्हणून लगेच सरांकडं वळून बोलला.

"काय पंच, बरोबर हाय न्हवं?"

डबीवरचा दिवा हिरवा झाला होता. ती लाखो माणसांचे आवाज ऐकून शिकली होती. त्या लाखांत एकही चढाईपटू नसावा.

सरांचा हात गळ्यातल्या शिट्टीवर गेला होता. सिदा त्यांच्याकडं बघत होता. हसत नव्हता. डोळे मात्र असे होते की सरांना पंचेचाळीस वर्षांपूर्वीचं सगळं एकदम आठवलं.

तेव्हा सिदा तेवीस वर्षांचा होता आणि सर नवखे पंच. सांगलीला अंतिम सामना. मुंबईच्या एका सरकारी संघाचे निवड करणारे लोक खुर्च्या टाकून बसलेले. सिदा घेतला तर नोकरी, खोली, सगळं आयुष्य मार्गी. शेवटच्या चढाईत सिदानं तीन गडी शिवले आणि परत फिरताना, मध्यरेषेपासून दोन हात अलीकडं, एक ‘कबड्डी’ आत ओढली. दोन हजार माणसांत ती फक्त सरांना ऐकू आली. त्यांनी शिट्टी मारली. सामना गेला, निवड गेली. महिन्याभरात सिदा मागावर लागला.

त्या दिवशी कुणीही सरांना शिव्या दिल्या असत्या. सिदानं दिल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी तो स्वतःहून आला, चहा पाजला आणि म्हणाला, "तू बरोबर हुतास." त्यानंतर पंचेचाळीस वर्षांत त्यानं तो विषय काढला नाही. सर मात्र सिदाची धाप ऐकली की दर वेळी तो काढत, मनातल्या मनात.

"काय पंच?" सिदानं पुन्हा विचारलं.

"चालू दे," सर म्हणाले.

मैदानावर गड्यांनी उगाच पंचाकडं दाद मागितली की ते हेच म्हणत. तोंडातून निघून गेलं ते.

तीन दिवस त्यांनी कसेबसे काढले. चौथ्या दिवशी चहा घेताना न राहवून ते म्हणाले, "सिदा, हे खेळ न्हवं. तिथं गडी बाद हुतो, इथं माणूस जाईल."

सिदानं बिस्कीट चहात बुडवलं. "एकवीस दिवस मास्तर. पोरी तिकडं एकट्या गेल्या तर पहिल्याच सामन्यात गोंधळतील. त्यांनी आजवर गावाबाहेरचं मैदान बघितलं न्हाई. तेवढी स्पर्धा झाली की मी सवता नसीमाकडं जातो आणि खरं मोजतो. टोच म्हणावं किती टोचायचं ते."

"आणि मधेच काय झालं तर?"

"आन लाल झालो तर सुवर्णी मला पुण्याला नेऊन तिसऱ्या मजल्यावर बसवणार. लिफ्टमधनं वर, लिफ्टमधनं खाली. मग मेलो काय आन जगलो काय."

"मी सांगेन सुवर्णाला."

सिदानं बिस्कीट तोंडात टाकलं, सावकाश चावलं, गिळलं. मग तो जे बोलला ते इतक्या साध्या आवाजात बोलला की सर पुढं कितीतरी दिवस तो आवाज विसरले नाहीत.

"एकदा मारलीस शिट्टी. म्या काय बोललो का? न्हाई बोललो. आता एवढं एकवीस दिस तू बोलू नगंस."

सर बोलले नाहीत.

पण गप्प राहणंही सोपं नव्हतं. बाराव्या दिवशी ते दवाखान्यात गेले, रांगेत तासभर बसले. समोरच्या बाकावर एक मागवाला खोकत होता आणि सर सवयीनं त्याचे श्वास मोजत होते. आत गेल्यावर नसीमाबाईंनी उठून नमस्कार केला. सरांनी विचारलं, "समजा, एखाद्यानं त्या डबीला फसवायचं ठरवलं तर?"

"नाही फसवता येत सर." बाई हसल्या. "लोकांनी सगळं करून बघितलंय. एकानं शेजाऱ्याला मोजायला लावलं, एकानं रेकॉर्डिंग लावलं. तिनं दोन्ही पकडलं. का हो? म्हेत्रेकाकांचं काही आहे का? त्यांचा तर आता हिरवा येतोय. मी तक्ता बघितला परवाच. छान सुधारणा आहे."

हा क्षण होता. एक वाक्य पुरलं असतं. सरांनी तोंड उघडलं, आणि त्यांना दिसल्या त्या बारा पोरी, एकाच रंगाचे नवे टी-शर्ट घालून एसटीच्या खिडकीतून हात हलवणाऱ्या, आणि सिदाची खिडकीतली रिकामी जागा. त्यांना वाटलं, नऊच दिवस उरलेत. नऊ दिवसांत काय होतंय.

"नाही, सहज विचारलं," ते म्हणाले, आणि गुडघ्यांवर मलम लिहून घेऊन बाहेर पडले.

या मूर्खपणाबद्दल त्यांनी स्वतःला नंतर कधी माफ केलं नाही. पण त्या दिवशी घरी जाताना त्यांना हलकं वाटलं होतं, हेही खरं.

एकविसावा हिरवा पडला आणि सिदानं डबीला हात जोडले. संघ स्पर्धेच्या गावी गेला. सरही गेले. पहिले दोन सामने पोरींनी मारले. सिदाच्या अंगात वारं संचारलं होतं. तो मैदानाच्या कडेनं येरझाऱ्या घालत होता, ओरडत होता, आणि पोरगी चढाईला गेली की स्वतःही हलक्या आवाजात ‘कबड्डी, कबड्डी’ म्हणत होता. ही त्याची जुनी खोड. सर मागच्याच खुर्चीवर बसले होते आणि पोरीचा श्वास ऐकायच्या ऐवजी सिदाचा ऐकत होते.

उपांत्य सामन्यात शेवटची पाच मिनिटं होती. कर्णधार अनुजा चढाईला गेली. सिदा सुरू झाला. कबड्डी, कबड्डी, कबड्डी. मग सरांना ‘ड’ सैल झालेला ऐकू आला. पुढच्या खेपेला ‘ब’ ओठांवर बसलाच नाही. गर्दी ओरडत होती, कुणाला काही कळलं नाही. सिदा अजून उभा होता, हात वर केलेला, फक्त तोंडाचा एक कोपरा खाली आला होता.

सरांनी शिट्टी मारली. पंधरा वर्षं न वाजलेली ती शिट्टी इतक्या जोरात वाजली की मैदान गप्प झालं. अनुजा मधोमध थबकली आणि तिला चौघींनी धरलं. सामन्याचा पंच संतापून सरांच्या दिशेनं आला. तोवर सिदा खुर्चीला धरत धरत खाली बसला होता, आणि आपला उजवा हात मांडीवर पडलाय तो आपलाच आहे का, असं बघत होता.

चढाई पुन्हा दिली म्हणे. पोरी दोन गुणांनी हरल्या म्हणे. सरांना ते आठवडाभरानं कळलं. ते ॲम्ब्युलन्समध्ये होते. मोठं रुग्णालय सव्वा तासावर होतं. तिथल्या डॉक्टरनं विचारलं, "गाठी न होण्याचं इंजेक्शन कधी दिलंय?"

"दिलं नाही," सर म्हणाले. "हिरवा होता."

डॉक्टरनं तक्ता बघितला, भुवया वर केल्या आणि आत गेला. सर बाहेरच्या बाकावर बसून राहिले. हातात शिट्टी होती, ती त्यांनी कधी काढली त्यांना आठवेना.

सिदा जगला. दीड महिन्यानं घरी आला. उजवी बाजू गेली आणि भाषा गेली. त्याला समजायचं बरंचसं, पण पाणी हवं असलं तरी ‘पाणी’ हा शब्द सापडायचा नाही. ओठ हलायचे, कपाळाला घाम यायचा, डोळ्यांत पाणी यायचं, शब्द यायचा नाही. फक्त एक गोष्ट यायची. नसीमाबाईंनी सांगितलं की असं होतं. हजारदा घोकलेलं जे असतं ते मेंदूत निराळ्या जागी, खोल साठवलेलं असतं, म्हणून पुष्कळदा वाचतं. कुणाला शुभंकरोति येतं, कुणाला आठवड्याचे वार. सिदाला ‘कबड्डी’ येत होतं. कुणी सुरू करून दिलं की तो चालू व्हायचा आणि श्वास संपेपर्यंत थांबायचा नाही. थांबणं त्याच्या हातात नव्हतं.

सुवर्णा नोकरीवर रजा टाकून आली होती. ती रडली नाही, ती चिडली. डबी खोटी कशी बोलली, हा तिचा प्रश्न होता. "एकवीस दिवस हिरवा आणि लगेच झटका? मी सोडणार नाही त्यांना. उद्या आणखी कुणाचे वडील जातील असे." तिनं डबी बनवणाऱ्यांकडं तक्रार केली. त्यांनी तपासणी करून कळवलं की यंत्रात दोष आढळला नाही, आणि एकवीस दिवसांची सगळी ध्वनिमुद्रणं पाठवून दिली.

एका सकाळी, सातच वाजता, सर नेहमीप्रमाणे आले. नसीमाबाई आधीच येऊन बसल्या होत्या. सुवर्णानं चहा दिला आणि फोन स्टुलावर ठेवला. कॉटवर सिदा उशांना टेकून बसला होता.

"मी एकतीसपर्यंतची मोजणी तीनदा ऐकली सर," नसीमाबाई म्हणाल्या. "मला काही सापडत नाही. खंड नाही, कंप नाही. सुवर्णा म्हणाली, सरांना ऐकवू. त्यांच्या कानातून काही सुटत नाही."

सरांनी सिदाकडं बघितलं. सिदा त्यांच्याकडंच बघत होता. चेहऱ्याची एक बाजू नेहमीची होती. त्या बाजूवर ‘बोलू नगंस’ असं काही लिहिलंय का ते त्यांनी शोधलं. काही लिहिलेलं नव्हतं. त्यांना मदत करील असं त्या खोलीत कुणीच नव्हतं.

सुवर्णानं फोनला बोट लावलं. खोलीत सिदाचा जुना आवाज भरला, धडधाकट, जरासा मिश्कील. सुवर्णानं तोंडावर पदर धरला. एक, दोन, तीन. दहा, अकरा, बारा. तेरा. चौदा.

"इथं," सर म्हणाले.

सुवर्णानं मुद्रण थांबवलं. "इथं काय?"

"चौदा आत ओढलाय. बोलता बोलता श्वास घेतलाय. पुढं पंचवीसला पुन्हा घेईल. डबीला ते कळत नाही. कबड्डीतली चोरी आहे ती, जुनी."

नसीमाबाई पुढं वाकल्या. पुन्हा लावून ऐकलं. तिसऱ्यांदा लावल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर उजेड पडला आणि लगेच मावळला. "म्हणजे खरी मोजणी चौदाचीच होती. पुढं ती रोज थोडी उतरत गेली असणार. दिवा लाल झाला असता सर. दहा दिवस तरी आधी."

"अण्णांनी स्वतःच..." सुवर्णा बापाकडं वळली. तिचा सगळा राग एका क्षणात बेवारस झाला होता. "अण्णा, का हो असं केलंत? आणि कुणाला कळलं कसं नाही?"

तिनं मुद्दाम दाबलं, की बोट नुसतं लागलं, कोण जाणे. मुद्रण पुढं सुरू झालं. पंचवीस आत गेला. एकोणतीस, तीस, एकतीस. आणि मग, मोजणी संपल्यावरही डबी काही सेकंद कान देऊन बसते ना, ते सेकंद आले.

"काय पंच, बरोबर हाय न्हवं?"

थोडी शांतता. बशीवर कप ठेवल्याचा आवाज. "काय पंच?"

"चालू दे."

सरांनी आपलाच आवाज कधी असा बाहेरून ऐकला नव्हता. तो पंचाचा आवाज होता, शांत, ठाम, ऐकणाऱ्याला धीर देणारा.

आणि कॉटवर सिदा सुरू झाला. तो आवाज त्यानं आयुष्यभर ऐकला होता. "कबड्डी, कबड्डी, कबड्डी," तो म्हणू लागला, वाकड्या ओठांनी, ‘ड’ सांडत. पाच झाले, सहा झाले. सातव्याला श्वास संपला. आता चोरी करण्याचं कसब राहिलं नव्हतं. त्यानं तोंड उघडं टाकून, सगळ्यांदेखत, मोठा घोगरा श्वास घेतला आणि सरांकडं बघितलं, बाद झालेला गडी बघतो तसं.

फोनवर दुसरी सकाळ आपोआप सुरू झाली होती. एक, दोन, तीन. कुणी तो बंद केला नाही. नसीमाबाई जमिनीकडं बघत होत्या. चौदा आत गेला. पंचवीस आत गेला. "बरोबर हाय न्हवं?" "चालू दे." सिदानं पुन्हा सुरुवात केली. या वेळी पाचातच धाप लागली. सर उठून त्याच्याजवळ गेले, त्याचा डावा हात हातात घेतला आणि म्हणाले, "थांब. सिदा, थांब आता." सिदानं त्यांचा हात घट्ट धरला. थांबायचं कसं हे त्याला सापडत नव्हतं.

तिसरी सकाळ लागली.

"सर," सुवर्णा म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. शाळेत असताना ती शंका विचारायला उभी राहायची तसाच तो होता. "असे एकूण किती आहेत?"

"एकवीस," सर म्हणाले.